कडू लागेपर्यंत

किल्लीवाल्या काकांना काचबिंदू निघाला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंबांची बाटली दिली आणि बजावलं, "सकाळ-संध्याकाळ प्रत्येक डोळ्यात एकच थेंब. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा."

पण दुकानात गिऱ्हाईक उभं असताना डोळे मिटून बसायला काकांना सवड कुठली! त्यात पहिला थेंब हमखास गालावर जायचा. तिसऱ्या-चौथ्या थेंबाला घशात कडवट लागलं, की ते समाधानानं म्हणायचे, "पोचलं औषध!"

"अहो, औषध घालताय की डोळे धुताय?" काकू ओरडायच्या.

दहाव्या दिवशी एका बाईंच्या बंद दाराचं कुलूप उघडताना काकांना घेरी आली. ते उंबऱ्यावरच बसले.

"काका, पाणी हवंय का?" बाई घाबरल्या. "पण पाणी आत आहे हो! आधी दार उघडा!"

काकांनी त्याही अवस्थेत दार उघडलं, पाणी प्यायलं आणि ते तिथंच आडवे झाले. बाईंनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नाडी मिनिटाला जेमतेम चव्वेचाळीस.

"कसली औषधं चालू आहेत?" तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं.

"एक गोळी घेत नाही मी," काका अभिमानानं म्हणाले.

मग छातीला वायरी चिकटल्या, रक्त काढलं, हृदय आतून-बाहेरून तपासलं. सगळं ठणठणीत. संध्याकाळपर्यंत नाडीही अठ्ठावन्नवर आली. तेवढ्यात काकू बॅग घेऊन आल्या. काकांनी बॅगेतून बाटली काढून संध्याकाळचं औषध घरच्यासारखंच सढळ हातानं घातलं. अर्ध्या तासात नाडीचं यंत्र कोकलायला लागलं आणि सिस्टर धावत आल्या.

"काय केलंत?"

"काही नाही. डोळ्यांत थेंब घातले."

"किती?"

"कडू लागेपर्यंत."

डॉक्टरनं बाटली वाचून कपाळाला हात लावला. "काका, मी औषधं विचारली होती ना?"

"हे डोळ्यांचं आहे. तुम्ही तर छाती तपासत होता."

"हे डोळ्यांतून नाकात उतरतं, तिथून रक्तात. नाडी मंदावते. म्हणून तर कोपरा दाबायचा! कडू लागलं म्हणजे औषध घशात गेलं."

काकूंना हेच हवं होतं. "मी रोज सांगत होते! पण ऐकतील तर शपथ! यांना वाटतं..." पुढचं खोकल्यात अडकलं. छातीत शिट्टी वाजली.

डॉक्टर वळला. "काकू, दमा आहे तुम्हाला?"

"लहानपणापासून. पण कालपासून जरा जास्तच धाप लागतेय."

"डोळ्यांत काही घातलंत?"

काकू बॅगेची चेन उघडझाप करू लागल्या. "डोळे चुरचुरत होते... म्हणून यांच्याच बाटलीतले घातले. दोनच थेंब."

"अहो, दमा असताना हे औषध चालतच नाही! दुसऱ्याचं तर कधीच घालायचं नाही."

सिस्टरनी घाईनं वाफेचं यंत्र आणून काकूंच्या तोंडाला मास्क लावला. काका अंगाला वायरी तशाच ठेवून उठून बसले आणि काकूंच्या छातीकडे बघत राहिले. तासाभरानं शिट्टी थांबली, तेव्हा कुठं त्यांनी उशीला पाठ टेकली.

काकूंनी मास्क बाजूला केला. "एक अक्षर बोलायचं नाही."

"मी कुठं बोललो?" काका म्हणाले आणि काकूंना टेकता यावं म्हणून पलंगावर सरकले.