पहिल्या नंबरवर पाणी

निशिगंधा वाचल्याशिवाय काही खात नसे. पुस्तक नाही हो, लेबल! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या ‘डब्यामागचं सत्य’ या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि दहावीतली ही मुलगी त्या दिवसापासून अख्ख्या यवतमाळची अन्ननिरीक्षक झाली. सरकारला अजून कळवलं नव्हतं, एवढंच!

बबिताकाकूनं बचत गटातल्या बायांसोबत लोहारा गावातल्या शेडमध्ये पास्ता सॉस करायला घेतला होता. आज किराणावाले जफरभाई चव बघायला घरी येणार होते. त्यांनी हो म्हटलं तर गटाची पहिली ऑर्डर, नाही म्हटलं तर शेडला कुलूप! काकूला सकाळपासून घाम फुटला होता.

“काकू, कायले घाबरून राह्यली? बोलाचं काम माह्याकडे!” निशिगंधानं छातीवर हात मारला.

बेत पक्का होता. काकूच्या बरणीशेजारी कंपनीची महागडी बरणी ठेवायची आणि भर बैठकीत तिचं पितळ उघडं पाडायचं. त्यासाठी तिनं ती बरणी परवाच बाबांना मागवायला लावली होती.

जफरभाई आले, चहा झाला. निशिगंधा कंपनीची बरणी घेऊन वकिलासारखी उभी राहिली.

“जफरचाचा, जे जास्त असते ते लेबलवर पहिले लिहा लागते. नियमच हाये! आता आयका. पहिल्या नंबरवर पाणी! मंग साखर! मंग स्टार्च! टमाटर कुठी? चौथ्या नंबरवर! मागच्या बाकावरच्या पोट्ट्यासारखा लपून बसला!”

“वाह बेटा!” जफरभाई खूश. काकूचा घाम जरा वाळला.

निशिगंधानं झाकण फिरवलं. ते एका बोटानं निघालं. सीलबंद बरणी अशी उघडत नसते, पण बोलणाऱ्या माणसाला बोटांचं कुठे ऐकू येतं!

प्लेटमध्ये लालभडक, घट्ट गोळा पडला. वर तेल. निशिगंधा क्षणभर थबकली. पहिल्या नंबरवर पाणी, मग हे सिमेंटसारखं कसं? पण बक्षीस मिळालेलं माणूस असं थांबतं थोडंच!

“पाहा स्टार्चची कमाल, चमचा उभा राह्यला! हा रंग टमाटराचा हाये का? कारखान्यातला हाये! आन् लसणाचा वास? इसेन्स!” असं म्हणून तिनं बोटभर चाटलं. दुसऱ्या क्षणी डोळ्यांतून धारा आणि कानांतून वाफा! “आई गं! हे... हे प्रिझर्वेटिव्ह! जीभ जाळते!”

“कोन म्हन्ते व इसेन्स?”

स्वयंपाकघरातून आजी निघाली. मैनाबाई! हातात लाटणं.

“माह्या पाट्यावरचा लसून हाये तो! रंग भिवापुरी मिर्चीचा, आन् चमचा उभा राह्यते खोबऱ्यानं! रश्श्याचं वाटन हाये माह्यं! म्हने कारखाना!”

या घरात कॉफीच्या बरणीत हळद असे, जॅमच्या बरणीत मेथीदाणे आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. निशिगंधा जन्मापासून याच घरात राहत होती. पण छापील अक्षर दिसलं की बाईसाहेबांना घराचा विसर पडायचा!

“पन आजी, बरनी भरेल होती ना!”

“झाकन मस्त होतं. केली म्या रिकामी.”

काकूचा चेहरा पडला. ऑर्डर गेलीच! पण जफरभाई गुपचूप प्लेटमधलं वाटण चाखत होते.

“बबिताताई, एक भाकर मिलेगी?”

भाकर आली, वाटण संपलं. मग त्यांनी नाक पुसलं, पाण्याचे दोन घोट घेतले आणि काकूची बरणी उघडली. एक चमचा. दोन चमचे.

“टमाटर एकदम सच्चा आहे ताई. ऑर्डर पक्की! अम्माचं वाटणही भेजो. फकत एक शर्त. लेबल मी वाचीन, बेटीला दुकानात भेजू नका!”

काकू रडत रडत हसली. निशिगंधा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागली.

“लेकिन अम्मा,” जाता जाता जफरभाई वळले, “वो कंपनीचा सॉस गेला कुठे?”

“फेकाव लागते का बापा? काल वांग्याच्या भाजीत टाकला.”

काकूनं तोंडाला पदर लावला.

“अन् हिनं ते भाजी तीनदा मांगून घेतली, जफरभाई! म्हने, आजी, असा टमाटर कंपनीवाल्याईले सात जन्मात जमाचा नाई!”