धाप असेल त्याची टेकडी

आमचे बोडके काका माणसाची पारख त्याच्या धापेवरून करतात. नाव, गाव, नोकरी हे सगळं नंतर.

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीपासून थोडं पुढं, धरणाच्या अंगाला एक टेकडी आहे. सकाळी निम्मी कॉलनी तिथं लोटते. कुणी चालत, कुणी सायकलवर, मधूनच खालच्या वस्तीतल्या शेळ्या. आमच्या बाजूनं वाट एकच, आणि समोरून शेळी आली तर बाजूला आपणच व्हायचं. शेवटचा चढ जिथं संपतो तिथं बोडके काका उभे असतात. आपण वर पोचलो की ते कानामागं हात धरून पुढं वाकतात आणि आपला श्वास ऐकतात. छातीचा भाता जोरात चालू असला की त्यांचा चेहरा उजळतो. "रामराम! या, बसा दगडावर." भाता बंद असला तर रामराम नाही.

"ज्याला धाप नाय, त्याची टेकडी नाय!" हे त्यांच्या घटनेतलं पहिलं आणि शेवटचं कलम.

एका गृहस्थांनी एकदा वाटेत मस्त विश्रांती घेतली आणि शेवटच्या वळणावर खोटंखोटं धापा टाकायला सुरुवात केली. काकांनी क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "ही नाकातली हाय. पोटातनं आणा." ते गृहस्थ निमूटपणे अर्धी टेकडी उतरून परत चढून आले.

काका मूळचे सिन्नरकडचे. तिथल्याच एका कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढून फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांची सायकल बिनगिअरची, काळी आणि जड. चढावर ते ती चालवतात कमी आणि ढकलतात जास्त. "ढकलनं पन सायकलिंगच हाय, मॅडम," हे मला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. मी त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, कॉलेजात शिकवते, त्यामुळं आमच्या मजल्यावर मी 'मॅडम'. चौथ्या मजल्यावर काका जिन्यानंच येतात. मिक्सरमधला ठेचा त्यांना चालत नाही. "बटनानं ठेचा होत नाय, नुसती चटनी होती," म्हणतात. काका टेकडीवर गेले की त्यांच्या स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज येतो, ही गोष्ट आमच्या मजल्यावर कुणी बोलत नाही.

अशा माणसाच्या टेकडीवर एके दिवशी बॅटरीची सायकल आली.

ती आणली आमच्याच बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या केतननं. कंपनीत काम करणारा, हसरा, गोड बोलणारा मुलगा. जाडजूड टायर, मधल्या दांड्यात बॅटरी. आम्ही तिसऱ्या वळणावर कंबरेवर हात ठेवून उभे असताना हा "गुड मॉर्निंग" करत शेजारून वर गेला. वर काका वाकले. कानामागं हात. काहीच ऐकू येईना. आणखी वाकले.

"श्वास घेतो का नाय रं तू?"

"घेतो की काका. इलेक्ट्रिक आहे ना."

केतननं समजावून सांगितलं. पेडल मारावंच लागतं, मोटर फक्त जोर देते, ही काही मोपेड नव्हे. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "समजलं," म्हणाले, "म्हंजे घोड्यावर बसायचं आन् वरून पाय हालवायचे. नवरदेवाला कुनी पळत आला म्हनत नाय."

त्या दिवसापासून त्या सायकलींचं नाव 'उसना दम' पडलं. बघता बघता उसन्या दमवाल्यांची संख्या वाढली, आणि भांडणंही. चढताना त्या सायकली मागून येतात त्या आवाज न करता. उतरताना वजनामुळं वेग घेतात. पावसाळ्यानंतर वाटेवर चाकांच्या चाकोऱ्या पडल्या, शेळ्या उधळू लागल्या. एका सकाळी मागून आलेल्या सायकलीला वाट देताना एक आजोबा थेट घाणेरीच्या झुडपात बसले. लागलं खरचटण्यापुरतंच, पण सगळ्यांचा संयम संपला. रविवारी टेकडीच्या पायथ्याला सभा ठरली. विषय एकच होता, बॅटरीच्या सायकली बंद करायच्या की नाही.

सभेला गर्दी झाली. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते.

केतन पहिला बोलला. मागून येताना घंटी वाजवायला हवी होती, चुकलंच, म्हणाला. पण बंदी कशाला? काकांनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग उभे राहिले.

"टेकडी कुनाच्या बापाची नाय," ते म्हणाले. "पन तिचा एक मान हाय. आपन घाम गाळतो तवा ती वर घेती. हे बटन दाबून येत्यात. आज सायकल, उद्या लिफ्ट बसवा म्हनतील! ज्याला धाप नाय..."

"त्याची टेकडी नाय!" सगळे ओरडले. टाळ्या पडल्या. हात वर करायला सांगितलं असतं तर बंदी तिथंच मंजूर होती. माझाही हात वर गेला असता. मलाही त्या सायकलींची धास्ती बसली होती.

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली आणि सिंधूकाकू उतरल्या.

सिंधूकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. फुफ्फुसाच्या मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून त्या घराबाहेर फारशा पडत नसत. स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत आल्या तरी कठड्याला धरून उभ्या राहायच्या. साडीशिवाय मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. आज पंजाबी ड्रेस, पायांत बूट आणि केसांना घट्ट रबर. त्या चार पावलं चालून आल्या आणि खुर्चीत बसल्या. बोलायला अवकाश लागला.

"हा कुनाचा ड्रेस?" काकांनी हळूच विचारलं.

"माझाच," काकू म्हणाल्या. मग सभेकडे वळल्या. "मला एक विचारायचंय. ह्यांचा नियम तुम्हाला सगळ्यांना मान्य आहे ना? धाप असेल त्याची टेकडी?"

"मान्य!" लोक म्हणाले.

"मग मला चहा गाळताना धाप लागते. वेणी घालताना लागते. आत्ता रिक्षातून उतरून इथवर आले, तर लागली." त्या थांबल्या, श्वास घेतला. तो सगळ्यांना ऐकू आला. "ह्या हिशोबानं टेकडीवर माझ्याएवढा हक्क कुणाचा?"

काकांनी टोपी काढली, परत घातली.

मग सगळी हकीकत बाहेर आली. दुपारी काका झोपले की काकू लिफ्टनं खाली उतरून पार्किंगमध्ये केतनच्या बायकोच्या बॅटरीच्या सायकलवर फेऱ्या मारत होत्या. नांदगावला शाळेत असताना त्या सायकलनं जायच्या. त्यांच्या वर्गात सायकलवर येणारी मुलगी ती एकच. मधली सगळी वर्षं हँडलला हात लागला नव्हता, पण तोल गेला नव्हता. डॉक्टरांनी चढ चढायचा नाही म्हणून बजावलं होतं. काकूंनी सायकलचा फोटोच त्यांच्यापुढं धरला. डॉक्टरांनी बराच विचार करून, मोटर पूर्ण जोरावर ठेवायची आणि दम लागला की उतरायचं, अशा अटीवर होकार दिला.

"मला वर जायचंय," काकू म्हणाल्या. "बंदी घालणार असाल तर आज नको. मी जाऊन येते, मग घाला."

मला वाटलं, काका आता चिडतील. चारचौघांत त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटला होता. पण काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. पोराचा पहिला नंबर आल्यावर बापाची मान ताठ होते ना, तशी त्यांची मान झाली.

"ऐकलं का?" ते सभेला म्हणाले. "ही माझी मिसेस. नांदगावात सायकलवर शाळेत जायची. मला आज कळतंय." मग घसा साफ केला. "बंदी-बिंदी काय नाय. आता लिहून घ्या. बॅटरीवाल्यांनी मागच्या बैलगाडीच्या रुंद वाटेनं चढायचं. मागून येताना घंटी. उतारावर मानूस दिसलं की पाय टेकायचा. शेळी दिसली की खाली उतरायचं. जो मोडंल त्याची हवा मी स्वतः काढीन."

हात वर झाले. सगळ्यात आधी घाणेरीत बसलेल्या आजोबांचा.

त्यानंतरच्या रविवारी काकू टेकडी चढल्या. बैलगाडीच्या वाटेनं, हळू, दोनदा थांबून. केतन पुढं होता, मी मागं, आणि काका शेजारून पळत होते. त्यांचा एक हात सीटच्या मागं होता, सीटला न लावता. भेटेल त्याला सांगत होते, "मिसेस हाय. सोता चालवतीया. पेडल मारावंच लागतं बरं का, मोटर नुसता जोर देती!" केतननं मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि हसू दाबलं.

वर पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी त्या स्वतःला असल्यासारख्या घेतल्या. मग ते सायकलचा ब्रेक तपासत खाली बसले. ब्रेक चांगला घट्ट होता.

काकू दगडावर बसल्या. समोर धरणाचं पाणी, लांबवर एक चांदीची पट्टी. अलीकडं द्राक्षाचे मळे, मग आमच्या कॉलनीच्या इमारती. काकूंनी बराच वेळ पाहिलं.

"मी आजारी पडल्यापासून हे रोज टेकडीवरून घरी आले की सांगायचे मला," त्या म्हणाल्या. "धरणाचं पाणी टेकडीच्या पायाशी येतं, आणि वर मोर असतात. कधी चार, कधी सहा. हातातले दाणे खातात म्हणे. मी भाकरीचा चुरा देत असे त्यांच्याजवळ."

इतकी वर्षं मी ही टेकडी चढते आहे. मोराचं पीससुद्धा दिसलेलं नाही. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी ब्रेकमध्ये मान खुपसली होती.

"असतात की," मी म्हटलं. "आज उशीर झाला, म्हणून."

काकू माझ्याकडे वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "नसतात, मॅडम. मला केव्हाच कळलं होतं. चुरा तसाच शर्टाच्या खिशात सापडायचा, धुण्याच्या वेळी. तुम्ही बोलू नका त्यांना."

मग सरळ होऊन त्यांनी हाक मारली. "अहो! उद्या तरी येतील का हो मोर?"

काका उठले. गुडघ्याची माती झटकली. क्षणभर धरणाकडं बघत राहिले.

"येतील की," ते म्हणाले. "सकाळी जरा लवकर निघावं लागंल मातर."