गुरुवारची चतुःसीमा

खडकवेढे गावाचा गुरुवार थकबाकीपोटी जप्त झाला, तेव्हा त्याला लेखी हरकत घेणारी गावात एकटी मालन ढवळे होती, आणि तिची हरकत मुदतीत दाखल झाली होती.

थकबाकी ग्रामपंचायतीची होती. सामायिक नळयोजनेची पाणीपट्टी पंचायतीने वर्षानुवर्षं भरलेली नव्हती, आणि तहसील कचेरीने जप्त करावं असं तिच्याकडे काही उरलेलं नव्हतं. इमारत शाळेच्या जागेत, ट्रॅक्टरला चाकं नाहीत, विहीर फक्त कागदावर. तेव्हा तलाठी गायधनी यांनी आठवड्याची कागदपत्रं काढून बसून तपासली. सोमवार महादेवाच्या देवस्थानाचा निघाला, मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी बाजार भरतो, त्यामुळे त्यावर बाजारकराचा बोजा. रविवार शाळेच्या नावे. शुक्रवारच्या हद्दीचा वाद दिवाणी कोर्टात चालू. राहिला गुरुवार. गावात दत्ताचं देऊळ नव्हतं, मठ नव्हता, भाऊबंदकी नव्हती. गुरुवार अगदी निर्वेध होता.

पाच पंचांसमक्ष पंचनामा झाला. बुधवारी संध्याकाळी कोतवालाने दवंडी दिली, वेशीला आडवी दोरी बांधून तिच्यावर लाखेचं सील केलं. लोक जेवून झोपले ते शुक्रवारी उठले.

गावाने हे फारसं मनाला लावून घेतलं नाही. म्हशींना नोटीस बजावायची राहून गेली होती, त्यामुळे शुक्रवारी सकाळी त्या दोन दिवसांचं दूध देत. बायकांचे मार्गशीर्षातले गुरुवार बुडणार म्हणून थोडी कुजबुज झाली, पण देवी समजूतदार आहे, शुक्रवारी मांडलं तरी चालेल, असं भटजींनी सांगितलं. सरपंच वसंतराव कोल्हे तर ग्रामसभेत स्पष्टच बोलले. ‘‘सात दिवस होते तेव्हा तरी आपण काय दिवे लावले?’’ ते म्हणाले, आणि सभेने ते मान्य केलं.

अडलं ते मालनचं. तिचा नवरा निवृत्ती एसटीत कंडक्टर होता, डेपो जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीने तो फाट्यावर उतरायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. चौदा वर्षं त्यांचा संसार गुरुवारीच झाला होता. घरावरचे पत्रे गुरुवारी बदलले, नणंदेची सोयरीक गुरुवारी मोडली, आणि भांडणंही दोघं गुरुवारसाठी राखून ठेवत, कारण एकट्याने भांडण होत नाही.

जप्तीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी निवृत्ती नेहमीप्रमाणे फाट्यावर उतरून वेशीपर्यंत चालत आला. पलीकडे गाव दिसत होतं, गावात कोणी नव्हतं. दोरी एका हाताने सरकवता आली असती. पण निवृत्ती स्वतः सरकारी माणूस होता, आणि सील म्हणजे काय ते त्याला कळत होतं. तो संध्याकाळपर्यंत वेशीबाहेरच्या लिंबाखाली बसला, हातातली पिशवी दोरीला अडकवली आणि परत गेला. शुक्रवारी सकाळी मालनला पिशवी मिळाली. तिच्यात गुडघ्याला लावायचं तेल, पावशेर शेव आणि धुवायचा खाकी शर्ट होता. शर्ट धुऊन, इस्त्री करून तिने बुधवारी तो दोरीला अडकवला. पुढे पाच आठवडे ढवळ्यांचा संसार त्या पिशवीवर चालला.

फोन होता. पण फोनवरचा माणूस जेवायला वाढा म्हणत नाही. मालनला रडू यायचं, आणि रडून झालं की राग यायचा, आणि राग नेमका कोणावर काढावा ते ठरेना, म्हणून तिने कोरा कागद घेतला आणि हरकत लिहिली.

सुनावणी सोमवारी झाली. नायब तहसीलदार उबाळे हे सौम्य गृहस्थ होते. कोणालाही ते बसा म्हणायचे आणि मग उभं राहून बोलायला सांगायचे.

‘‘मालनबाई, जप्त मिळकतीत तुमचा हितसंबंध काय?’’

‘‘मालक त्या वारी घरी येत्यात, रावसाहेब.’’

‘‘वहिवाट किती वर्षांची?’’

‘‘चौदा. मधी भैनीच्या बाळंतपणाला मी म्हायेरी गेले व्हते, तेवढा खंड.’’

उबाळ्यांनी खंड लिहून घेतला. ‘‘तुमच्या यजमानांना दुसरा वार मागून घेता येणार नाही?’’

‘‘मागितला की. डेपोत म्हणले, बाकीच्या वारांना बाकीची माणसं हायेत.’’

उबाळ्यांना हे म्हणणं न्याय्य वाटलं. त्यांनी चष्मा पुसला. ‘‘मला तुमच्याविषयी सहानुभूती आहे. पण सहानुभूतीला कलम नाही. जप्ती उठणार नाही. लिलाव मात्र जाहीर आहे, त्यात बोली लावायला कोणालाही मनाई नाही.’’

‘‘गुरुवार घ्यायची माझी काय ऐपत, रावसाहेब?’’

‘‘ते आमच्या अखत्यारीत येत नाही,’’ उबाळे म्हणाले, आणि खरोखर वाईट वाटून त्यांनी निकालावर सही केली.

लिलावाची नोटीस त्याच आठवड्यात पंचायतीच्या फळ्यावर लागली. मालन ती वाचायला उभी राहिली आणि बराच वेळ उभीच राहिली. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, पण तिच्या सासऱ्यांचा बांधाचा खटला सतरा वर्षं चालला होता, तोही ‘पूर्वेस’ आणि ‘पश्चिमेस’ या दोन शब्दांवर, त्यामुळे त्या घरात आलेली सून देवाच्या आरतीआधी चतुःसीमा वाचायला शिकली होती.

चतुःसीमेशिवाय मिळकत विकता येत नाही. चारही बाजूंना काय आहे ते लिहावंच लागतं. गायधनी तलाठ्यांनी उभ्या नोकरीत शेतं, घरं, गोठे यांच्या चतुःसीमा लिहिल्या होत्या, पण वाराची लिहिण्याची वेळ पहिलीच. त्यांनी पंचायतीच्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली, लिलावाच्या तारखेवर बोट ठेवलं, आणि बोटाच्या चारही बाजूंना जे दिसलं ते इमानदारीने उतरवून घेतलं: उत्तरेस बुधवार, दक्षिणेस शुक्रवार, पश्चिमेस सात तारखेचा गुरुवार, पूर्वेस एकवीस तारखेचा गुरुवार.

मालनने नोटीस तीनदा वाचली. घरी येऊन तिने निवृत्तीला फोन लावला.

‘‘अवो, येत्या गुरुवारी वेशीवर थांबू नका, सरळ आत या. लिलावापुरतं अकरा ते एक सील काढणार हायेत.’’

‘‘दोन तासांत काय होणार, मालन?’’

‘‘या तर खरं. आन् तेल आणू नका, मागचंच हाये.’’

सील काढण्याला कारण होतं. नियमाप्रमाणे स्थावर मिळकतीचा लिलाव जागेवरच व्हावा लागतो, आणि गुरुवारची जागा गुरुवारातच. चौदा तारखेला अकरा वाजता उबाळ्यांनी वेशीची दोरी सोडली आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा खडकवेढ्यात गुरुवार लागला. चावडीपुढे टेबल मांडलं. कोल्हे सरपंच आले, गाव आलं. निवृत्ती इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मालनच्या शेजारी उभा राहिला. चारचौघांत काय बोलायचं, म्हणून दोघांनी एकमेकांना फक्त पाहून घेतलं.

बोली लावणारं गिऱ्हाईक एकच होतं, पण भक्कम. पिंपरवेढ्याचे अंकुशराव बोडके. त्यांचं मंगल कार्यालय होतं.

‘‘गुरुवारी मुहूर्त आला की मला एक पार्टी परत पाठवावी लागते,’’ ते उबाळ्यांना समजावून सांगत होते. ‘‘दुसरा गुरुवार हाताशी असला, तर एकाच मुहूर्तावर दोन लग्नं. आचारी तेच.’’ त्यांनी कपाळावर हात धरून आभाळ पाहिलं, पायाने जमीन दाबून पाहिली. ‘‘ऊन बरं आहे. सकाळ कशी आहे याची?’’

‘‘आज दाखवता येणार नाही, निघून गेली,’’ गायधनी म्हणाले. ‘‘पण जुने लोक चांगलं बोलतात तिच्याबद्दल.’’

बोडक्यांनी सरकारी किंमत कबूल केली. उबाळ्यांनी ‘एक वार’ म्हटलं. ‘दोन वार’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मालन टेबलापुढे गेली.

‘‘रावसाहेब, आधी चतुःसीमा वाचून दाखवा.’’

‘‘ती नोटिशीत आहे, बाई.’’

‘‘दवंडीच्या मालाची चतुःसीमा तोंडी वाचावी लागते. आमच्या सासऱ्यांच्या खटल्यात एवढ्यावर तीन वर्षं गेली.’’

उबाळ्यांना हा नियम ठाऊक होता. त्यांनी वाचायला घेतलं. उत्तरेस बुधवार, दक्षिणेस शुक्रवार इथपर्यंत त्यांचा आवाज खणखणीत होता. पश्चिमेस सात तारखेचा गुरुवार, इथे तो जरा खाली आला. पूर्वेस एकवीस तारखेचा, इथे ते थांबले आणि गायधनींकडे पाहू लागले. गायधनी दिनदर्शिकेकडे पाहत होते.

‘‘शेजारच्या दोन्ही बाजूंना गुरुवारच हाये,’’ मालन म्हणाली. ‘‘शेजाऱ्याचं रान विकायचं नसतं. म्हंजी विकायला काढलाय तो मधला. एकच. आजचा.’’

निवृत्तीने खिशातून घड्याळ काढून पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, सवयीने. ‘‘बारा वीस.’’

‘‘म्हणजे याच्यातली दुपारच उरली,’’ बोडके म्हणाले. ‘‘रावसाहेब, एका गुरुवारात, तोही बारा वीसनंतरचा, मी कोणाचं लग्न लावू? नवरा मुलगा घोड्यावर बसेपर्यंत दिवे लागतील. मी बोली मागे घेतो.’’

बोली मागे घेतल्याची नोंद झाली. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. अशा वेळी सरकारने स्वतः एक रुपया नाममात्र बोली लावायची असते, आणि कोणी वर बोललं नाही तर मिळकत सरकारजमा होते. उबाळ्यांनी सरकारतर्फे एक रुपया म्हटला. मालनने लगेच सव्वा रुपया म्हटला.

‘‘सव्वा रुपया देवापुढे ठेवतात, बाई,’’ गायधनी पुटपुटले.

‘‘मग काय वाईट ठेवत्यात?’’

सरकारला सव्वा रुपयावर बोलण्याचा अधिकार नव्हता. उबाळ्यांनी एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं, गावाकडे पाहिलं, तीन वार म्हटलं आणि टेबलावर हात आपटला. चौदा तारखेचा गुरुवार, बारा वाजून वीस मिनिटांपासून पुढे, मालन निवृत्ती ढवळे यांच्या नावे कायम झाला.

‘‘रावसाहेब,’’ गायधनींनी खालच्या आवाजात शंका काढली, ‘‘हा आज सूर्य मावळला की संपणारच ना?’’

उबाळ्यांनी त्यांच्याकडे नापसंतीने पाहिलं. ‘‘भाऊसाहेब, मिळकत सूर्यास्ताला संपत नसते. खरेदीदाराला आणि वारसांना कायम वहिवाटीचा हक्क आहे. जाण्यायेण्याचा रस्ता बुधवारातून द्या, तेवढं लिहा.’’ मग त्यांच्या लक्षात आलं की आपण सगळेच आता परक्याच्या हद्दीत उभे आहोत. ते मालनकडे वळले. ‘‘बाई, आम्हाला टेबल उचलेपर्यंत थांबायची परवानगी असावी.’’

‘‘थांबा की. पाणी पिऊन जा.’’

सगळे पाणी पिऊन गेले. गाव आपापल्या घरी न जाता सरळ शुक्रवारी गेलं. निवृत्ती राहिला. खरेदीदाराचा पती म्हणून त्याला कोणी उठवलं नाही.

चूक कचेरीच्या ध्यानात आली होतीच. पुढच्या महिन्यात शुद्धिपत्रक निघालं आणि खडकवेढ्याचे बाकीचे सगळे गुरुवार, चौदा तारखेचा वगळून, रीतसर बोडक्यांना विकले गेले. पिंपरवेढ्यात आता आठवड्याला दोन गुरुवार असतात. दुहेरी उपास पडतो अशी तिथल्या बायकांची तक्रार आहे, पण कार्यालय जोरात चालतं. खडकवेढ्यात बुधवारनंतर शुक्रवार येतो, आणि वेशीला दोरी असते.

ढवळ्यांचं मात्र वेगळं आहे. बुधवारी झाकपाक झाली की मालन आपल्या गुरुवारात जाते. निवृत्ती फाट्यावर उतरतो, कोतवालाला उतारा दाखवतो आणि दोरीखालून आत येतो. तिथे नेहमी चौदा तारीख असते आणि बारा वाजून वीस मिनिटं झालेली असतात. समोरच्या टेकडीवर एक ढग असतो, तो चारच्या सुमाराला विरतो. कोल्ह्यांच्या अंगणात लाल सतरंजी वाळत असते. वारा पश्चिमेचा. बाकी माणूस कोणी नसतं. मालन आणि निवृत्ती ओट्यावर बसतात, आठवडाभराचं बोलतात, राहून गेलेलं भांडतात, आणि दिवेलागणीला तो गाडी पकडायला निघतो.

बोडके दोनदा घरी येऊन गेले. शेजारी शेजारी आहे, तुकडा आमच्यात घालून टाका, म्हणाले. कोल्हे सरपंचांनी पापड वाळवायला तासभर मागितला होता. मालनने दोघांनाही चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

एकच गोष्ट आहे. लिलावाच्या धांदलीत आदल्या दिवशी बाजारातून काही आणायचं राहिलं होतं आणि घरात फक्त वांगी होती. बाहेरून आणलेली भाजी त्या गुरुवारात टिकत नाही, करून पाहिलं. त्यामुळे गेली अकरा वर्षं दर गुरुवारी वांग्याचीच भाजी होते. निवृत्तीला वांगं आवडत नाही, अगदी लहानपणापासून. तो दोनदा वाढून घेतो.