बापाची मिशी

सकाळी चहा पिता पिता भागोजीच्या मोबाईलवर कर्नलसाहेब वारले.

फोटोखाली समई पेटलेली होती आणि रिसॉर्टवरच्या विपुलने वर लिहिलं होतं, 'एक वाघ हरपला.' भागोजीने बशी खाली ठेवली ती थेट मांजराच्या शेपटीवर. मांजर ओरडलं, पण त्याला ऐकू गेलं नाही.

कर्नलसाहेब म्हणजे कर्नल महिपाल देवडा. एकाहत्तरच्या लढाईत पायात गोळी घेऊन आख्खी पलटण नदीपार नेलेला माणूस. भागोजी नववीत असताना ते एकदा श्रीवर्धनला भाषणाला आले होते. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फौज में आओगे?" बास. त्या एका हातावर भागोजीने उभा जन्म काढला. फौजेने त्याला घेतलं नाही, छाती दोन बोटं कमी भरली. मग तो दिवेआगरच्या एका रिसॉर्टच्या गेटवर सिक्युरिटीला लागला आणि पुण्याच्या पाहुण्यांच्या गाड्या शिट्टी मारून अशा लावायला लागला, की जणू काय रणगाडेच. साहेबांसारखी मिशी राखली, दोन्ही टोकं वर, खोबरेल लावून. घरात देवांच्या फळीशेजारी साहेबांचा फोटो. बापाचा फोटो नव्हता. बाप जिवंत होता, आणि जिवंत माणसाचा फोटो भिंतीला कोण लावतो? साहेबही जिवंतच होते, पण ते कधी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

डोळे पुसत भागोजी उठला आणि बोर्लीच्या बाजारात गणराजच्या सलूनमध्ये जाऊन खुर्चीवर बसला.

"मिशी काढ."

गणराजच्या हातातली कात्री थांबली. त्याने भागोजीचे लाल डोळे बघितले. आपल्याकडे मिशी कधी काढतात हे न्हाव्याला सांगावं लागत नाही. बाप गेला की पोराची मिशी जाते. बाप असताना कुणी वस्तरा लावत नाही, लावला तर बाप जोडा काढतो.

"डोकं बी?" गणराजने हळूच विचारलं.

"नको. नुस्ती मिशी."

डोकं दहाव्याला करतील, असं गणराजने मनाशी धरलं. मिशी उतरवली, पैसे घेतले नाहीत, पाठीवर हात ठेवला. भागोजीला गहिवरून आलं. हा बी साहेबांचा भक्त, आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं मनात म्हणत तो तसाच ड्युटीवर गेला. साहेब असते तर म्हणाले असते, दुःख घरी, ड्युटी गेटवर.

इकडे गणराजने दुकानाची फळी अर्धी ओढली आणि गावात फोन केला. बाळाजी गेला.

बाळाजी, म्हणजे भागोजीचा बाप, तेव्हा ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होता. वय पंच्याऐंशीच्या घरात. बीपीच्या गोळ्या त्याने होळीपासून सोडल्या होत्या. "आता कुणासाठी गिळायच्या? पोरगा तर त्या फोटोशीच बोलतो," म्हणायचा. सून सुचिता सांगून सांगून थकली होती.

पहिला आला सीताराम. शेजारचाच, पण बांधावरून भांडण झालेलं, तोंड बघत नव्हते एकमेकांचं. खांद्यावर हिरवा बांबू, हातात मडकं, मागं चार माणसं.

"कोण गेला रं?" बाळाजीने विचारलं.

सीतारामचा बांबू खांद्यावरून घसरला.

"अरे बोल की. आपल्या आळीतला हाय काय?"

"हाय... म्हंजी, हायस," सीताराम म्हणाला.

"मग थांब, मी बी येतो." बाळाजी वाल झटकून उठला. आत जाऊन टोपी घालून आला, खांद्यावर उपरणं टाकलं. "चला. कुणाला न्यायचाय?"

चौघं जण बांबूकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात जवळच्याच गावावरून काशी आली. बाळाजीची लेक. रिक्षातून उतरली ती गळा काढतच. "बा रं माझ्या, मला न भेटता गेलास रं." आणि रडत रडत बाळाजीच्याच गळ्यात पडली. तो पण तिची पाठ थोपटत म्हणाला, "उगी, उगी. गेला त्याला काय इलाज?" मग काशीने मान वर केली, बापाचं तोंड बघितलं आणि मटकन पायरीवर बसली.

"बा, तू हायस?"

"म्या न्हाय तर कोण? सकाळपास्नं वाल सोलतोय."

सुचिता न्हाणीतून धावत आली. हळूहळू उलगडा झाला. गणराजला फोन लावला, तर तो म्हणाला, भागोजीने मिशी काढली. बाळाजीने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सीतारामकडे बघितलं.

"बांबू तुझ्या बेटातला?"

"व्हय."

"पाच वर्सं एक काठी देत न्हवतास."

"येता येता वाटंत तुला सगळं माफ केलं मी," सीताराम चिडून म्हणाला. "बांधाचं, फणसाचं, सगळं. आता ते परत कसं घेऊ?"

"र्‍हाऊ दे. बांबू बी र्‍हाऊ दे, लागंलच."

सुचिताने नवऱ्याला फोन लावला. म्हणाली, "असाल तसे घरी या." अर्ध्या तासात भागोजी मोटरसायकलवरून युनिफॉर्मातच आला. अंगणात पन्नास-साठ माणसं, ओटीला टेकवलेलं मडकं. माणसं बाजूला सारत तो आत घुसला, तर बाप ओटीवर बसलेला. बापाने त्याच्याकडे बघितलं. नाकाखाली नुसती पांढरी पट्टी.

"कोणाची काढलीस?" बापाने विचारलं.

"साहेब गेले, बा. कर्नलसाहेब."

"त्याला पोरगा न्हाय?"

"हायत. दोन."

"त्यांनी काढली?"

"ठाऊक न्हाय."

"मग तू कशाला मदी घुसलास? तुझा हिस्सा हाय काय त्यांच्यात?"

माणसं हसली. बाळाजी हसला नाही. त्याच वेळी भागोजीच्या खिशात मोबाईल वाजला. काशीने तो ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. विपुलने लिहिलं होतं, 'सॉरी काका. चुकीची बातमी होती. साहेब ठणठणीत आहेत.' सोबत व्हिडिओ. साहेब बागेत झाडांना पाणी घालताना, मिशी दोन्ही टोकांनी वर.

"तो बी जित्ता," सीताराम म्हणाला, "हा बी जित्ता. आन मिशी तेवढी गेली."

आता मात्र कुणाला हसू आवरेना. माणसं पोट धरून हसली, सुचिताने आलेल्यांसाठी चहा टाकला, आणि जो तो भागोजीच्या नाकाखाली बघत चहा पिऊन गेला. अंगण रिकामं झालं. भागोजी बापाच्या पायाशी पायरीवर बसला.

"बा, चुकलं."

बाळाजी पुन्हा वाल सोलायला लागला होता.

"बापाला पोराकडून एकच गोष्ट मिळते," तो म्हणाला. "ती बी मेल्यावर, बघायला मिळत न्हाय. ती तू दुसऱ्याला दिलीस. दिलीस तर दिलीस. मी लढाई न्हाय केली, मला ठावं हाय."

भागोजीला तोंड वर करवेना. साहेबांना गोळी कुठल्या पायात लागली ते त्याला पाठ होतं. बापाच्या पोटरीवरचा लांबलचक व्रण समोर होता, आणि तो कशाचा हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"हा कशानं झाला, बा?"

"इळा लागला. तुला शाळंत घातला त्या वर्साला. दुसऱ्यांची भातं कापत होतो." बाळाजीने वाल पातेल्यात टाकला आणि आत हाक मारली. "सुचिता, माझ्या गोळ्या कुठं ठेवल्यास?"

सुचिता दारातच थबकली. "घेणार, मामंजी?"

"घ्यायलाच लागतील. बिनमिशीच्या पोराच्या खांद्यावरून मी जायचा न्हाय. लोक म्हणतील, ह्याचं आधीच उरकलंय. मिशी पुरती परत येऊ दे, तंवर थांबतो."

त्या दिवसापासून बाळाजी वेळेवर गोळी घेतो. पेज पितो, दोन्ही वेळा जेवतो, संध्याकाळी सीतारामबरोबर बांधापर्यंत फिरून येतो. रोज सकाळी भागोजीला उजेडात उभा करतो आणि नाकाखाली बोट फिरवून बघतो.

पावसाळा गेला. दिवाळी झाली. रिसॉर्टवर सगळे विचारतात, काका, मिशी कुठाय? भागोजी म्हणतो, येतेय. आणि रोज पहाटे, बाप उठायच्या आधी, न्हाणीच्या मागं माडाला आरसा अडकवून गुपचूप वस्तरा फिरवतो.

काल सकाळी बाळाजीने नेहमीसारखं बोट फिरवलं.

"अजून न्हाय आली?"

"न्हाय, बा. यंदा कशी वाढंचना."

बाळाजीने त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं. मग धोतराच्या सोग्याने त्याच्या कानाच्या पाळीला लागलेला साबणाचा फेस पुसला.

"व्हय," तो म्हणाला, "घाई न्हाय." आणि गोळीसाठी पाणी मागितलं.