सातव्या भागाचा शेवट

कावळा पिंडाला शिवेना, आणि उन्हं चांगलीच वर आली. तापीच्या काठावर रुपचंद नानांची दशक्रिया चालली होती. केळीच्या पानावर भाताचा पिंड होता, समोरच्या बाभळीवर दोन कावळे होते, पण खाली उतरायची त्यांना अजिबात घाई नव्हती. कावळा शिवल्याशिवाय पाण्याचा घोटही घेणार नाही, असं नानांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी सांगून टाकलं होतं. कालपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांचा मुलगा प्रेमराज सारखा आईच्या सुकलेल्या तोंडाकडे बघत होता.

"भाऊनी कोनती तरी इच्छा ऱ्हायी गई," असं म्हणत नानांचे धाकटे भाऊ रतिलाल हात जोडून पुढे झाले. "भाऊ, सारिकानं लगीन मी करसू. तू काळजी नको करू."

नानांची मुलगी सारिका धुळ्याला नर्सिंग शिकत होती. ती रडता रडता थांबली आणि काकांकडे बघत राहिली. कावळा हलला नाही, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

मग शेजारच्या शेताचा लोटन उठला. "रुपचंद, बांध मीच दोन हात सरकाडा व्हता. मांगे ली लेसू."

इतकी वर्षं हाच लोटन पंचांसमोर शपथा घेत होता. कावळ्याने नुसती मान वाकडी केली. ह्याला सगळंच माहीत दिसतंय, असं वाटून लोटन घाबरला आणि बांधावरचं आंब्याचं झाडही त्याने देऊन टाकलं. तो विहीरही देऊन टाकायच्या आत त्याच्या बायकोने त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

"दर्भाचा कावळा करून लावू या का?" गुरुजींनी घड्याळ बघत विचारलं.

"नई," वच्छलाबाई म्हणाल्या.

नानांचं काय राहिलं होतं, ते प्रेमराजला माहीत होतं, पण चारचौघांत सांगायची लाज वाटत होती. धुक्यातून होडी नेणारा एक म्हातारा आणि त्याच्या मागावरचा राक्षस, असे जादूचे सिनेमे होते. बापलेकांनी त्यांचे सहा भाग हिंदीतून पाहिले होते. पलीकडचा काठ कुणी पाहिलेला नसतो, तरी म्हातारा वल्हं मारत राहतो. पीक जळो की विहिरीवरची मोटार, नाना सगळ्यांना तेच सांगायचे, "धुकं शे म्हनीसन काठ नई का?" सातवा भाग आला तेव्हा नाना दवाखान्यात होते. दोघांनी मिळूनच बघायचा, असं ठरलं होतं.

प्रेमराज पिंडासमोर बसला. "नाना, म्हातारा काठले पोचना का, हाईच तुमले इचारनं व्हतं ना? मी सांगस."

त्याने सातवा भाग पाहिलेला नव्हता. तो सुचेल तसं सांगू लागला. म्हाताऱ्याने पोरासकट सगळ्यांना काठावर उतरवलं, पण त्याला स्वतःला उतरता येईना.

"काबर?" रतिलाल जवळ सरकले. मागोमाग सगळीच माणसं पिंडाकडे पाठ करून त्याच्याभोवती बसली.

"राक्षसनं काय व्हयनं?" लोटनने विचारलं. प्रेमराजने राक्षस मारून टाकला.

शेवट आला. म्हातारा एकटाच परत धुक्यात शिरला, आणि काठावर त्याच्या पोराला वल्ह्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. तेवढ्यात एक पिवळं कुत्रं पानाजवळ आलं आणि निवांतपणे पिंड खाऊ लागलं. प्रेमराजने ते पाहिलं, आईकडे पाहिलं. तिची मान खाली होती. तो तसाच सांगत राहिला.

गुरुजींनी वळून पाहिलं तर पान रिकामं. "शिवला," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी हात जोडले. कावळा गोष्टीमुळे शिवला, बांधामुळे नव्हे, हे लोटनने तिथल्या तिथे चार जणांना पटवून दिलं. रतिलालांनाही ते पटलं.

परतताना रिक्षात वच्छलाबाई पाणी प्यायल्या.

"माय, कावळाच व्हता," प्रेमराज न विचारताच म्हणाला.

"कुत्रा व्हता. मी दखा."

"मंग हाकला काबर नई?"

"तू थांबी जाता. तुना नानाना शेवट आयकाना ऱ्हायी जाता." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "खरंच असाच शे का शेवट?"

"माहीत नई, माय. मी बी दखा नई."



"मंग आपुन दोन्ही दखी लेवूत," त्या म्हणाल्या. "मी वर जासू तवय त्यासले खरा सांगना पडी."