चुरी सरांचे शेरे

आमच्या फुलपाड्यातल्या सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली, की तासाभरात तिच्या समासात लाल शाईने एक इंग्रजी शब्द उमटायचा. हे काम दुसऱ्या मजल्यावरच्या चुरी सरांचं. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले सर जगातल्या पोकळपणावर पहारा ठेवून होते.

मी सेक्रेटरी, त्यामुळे सगळा मार माझ्यावर. तेव्हा पाणी टँकरने यायचं. ‘टँकर लवकरच येईल’ यावर शेरा, ‘व्हेग’. ‘अपरिहार्य कारणामुळे सभा रद्द’ यावर ‘फ्लिम्झी’. गणपतीत एका पुढाऱ्याच्या भाषणाला ‘हॉलो’ आणि टाळ्या वाजवणाऱ्या आम्हाला ‘शॅलो’. एकदा वैतागून मी म्हटलं, "सर, सगळ्यांचा अर्थ एकच ना? दम नाही."

"अजिबात नाही. फ्लिम्झी असेल ते बोट लावताच फाटतं. हॉलो असेल ते वाजवून बघावं लागतं. ऐवज कुठाय ते बघायला शिका, सेक्रेटरी."

त्यांच्या पत्नी सुमनकाकू यावर नुसत्या हसायच्या.

त्या काकू गेल्या. गच्चीवर शोकसभा ठरली. अशा सभेत शेवटी घरच्या माणसाने दोन शब्द बोलायचे, ही आमच्याकडची रीत. आदल्या संध्याकाळी सर कागद घेऊन माझ्याकडे आले. "उद्या वाचायचंय. तपासून द्या."

कागद त्यांनी स्वतःच तपासलेला होता. ‘प्रेमळ पत्नी’पुढे हॉलो. ‘सुखदुःखातली सोबत’पुढे थिन. ‘तिच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली’ याच्यापुढे व्हेग.

"बत्तीस वर्षांचा संसार," सर म्हणाले, "आणि तिच्याविषयी एक भरीव वाक्य लिहिता येत नाही मला." इतकी वर्षं मी या माणसाला टरकून होतो. त्या संध्याकाळी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

तळाच्या एका वाक्याला मात्र शेरा नव्हता. मी त्यावर बोट ठेवलं.

"ते नको. घरातलं आहे. भाषणात शोभायचं नाही."

"तेवढंच वाचा, सर."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सर उभे राहिले, चष्मा पुसला आणि वाचलं, "शाळेतून येऊन मी बेल वाजवली, की ती आधी पंखा लावायची आणि मग दार उघडायची."

लोक पुढचं ऐकायला थांबले. सरांनी कागद उलटून पाहिला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं.