दत्तोबाच्या हाताचा दहावा

माणसाचं डोकं मला जेवढं कळतं तेवढं पुण्याच्या डॉक्टरालाही कळत नसेल! वीस वर्षं चिंचवडात हजामती करतोय. केसांवरून नुसता हात फिरवला की आत काय शिजतंय ते मला समजतं. म्हणून तर दत्तोबाचं दुखणं मी अंगावर घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, हे कबूल करतो.

दत्तोबा माझा लहानपणचा सोबती. लढाईत ब्रह्मदेशात खेचरं हाकायला होता. बॉम्ब पडला तेव्हा डाव्या मुठीत खेचराचा दोर होता. खेचर गेलं, दोर गेला, मनगटापासून हातही गेला. गेला तर गेला, पण दुखायचा थांबेना! नसलेली मूठ आवळायची, नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुतायची. पलटणीच्या डॉक्टराने सांगितलं होतं, हात गेला तरी डोक्यातली हाताची जागा शाबूत आहे. तिथून 'मूठ सोड' अशी तार सुटते, पण सोडली म्हणून उलट कळवणारं कुणी नाही, त्यामुळे डोकं आपलं मूठ धरूनच बसलंय. औषध मात्र त्याच्याकडेही नव्हतं.

आता पिंपरीच्या नव्या कारखान्यात फाटकावर शिपायाची जागा निघाली होती. पहिल्या भेटीत साहेब बोलत असतानाच कळ आली आणि दत्तोबाने असं तोंड केलं, की साहेबाला वाटलं हा आपल्याला वेडावतोय. तरी पलटणीतला माणूस म्हणून सोमवारी पुन्हा बोलावलं. ही जागा हुकली तर त्याच्या बायकोचं, ठकुबाईचं, दुसऱ्याच्या रानात खुरपणं काही सुटत नव्हतं.

मी डोकं चालवलं. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की त्याचं कार्य करून टाकतात. हात जाऊनही बारा वर्षं झाली होती. कार्य झालं नाही म्हणूनच तो भटकतोय! दहावा घालायचा, विषय संपला. भटजी म्हणाले, हाताचं गोत्र काय सांगू? मी म्हटलं, बाकीच्या दत्तोबाचं आहे तेच.

पण बातमी पसरली ती 'दत्तोबाचा दहावा' एवढीच. रविवारी सकाळी पवनेच्या घाटावर त्याची बहीण सुभद्राबाई खेडहून गळा काढत आली, आणि भाऊ पाटावर बसलेला बघून तिथेच आडवी झाली. तिच्या तोंडावर पाणी मारतोय तोवर कळलं, की कारखान्याच्या टाइमकीपरनेही बातमी ऐकून दत्तोबाच्या नावावर काट मारली! ठकुबाईने माझ्याकडे कसं बघितलं ते सांगत नाही.

त्यात कावळा शिवेना. पिंड मांडून तास झाला, कावळे आपले समोरच्या बाभळीवर. लोक हाताला वचनं देऊ लागले. एकाने तर त्याला अंगठी करायचं कबूल केलं. वेळ जावा म्हणून मी दत्तोबाची दाढी उरकायला बसलो. गडबडीत ती राहूनच गेली होती. आरसा एरवी गिऱ्हाईकच हातात धरतं. याचा एकच हात, म्हणून मी तो त्याच्या गुडघ्यांमध्ये उभा खोचला, तर तो फिरून काच उजव्या हाताकडे झाली. डावं थोटुक आरशामागे गेलं आणि उजवी मूठ आरशात दिसू लागली, अगदी डाव्या हाताच्या जागी. संतापाने तीही आवळलेली होती.

ठकुबाई रडत म्हणाली, "अवो, सोडा की आता त्यो दोर. खेचर कवाच गेलं."

दत्तोबाने आरशात बघत मूठ हळूहळू उघडली. उजवी.

"ज्योतीराम," तो म्हणाला, "उघडली रं. डावी उघडली."

मी त्याला तीनदा मिटायला आणि उघडायला लावलं. तिन्ही वेळा उघडली. डोळ्यांनी बघितलं तेव्हा कुठे डोक्याला तारेचं उत्तर मिळालं! बारा वर्षांनी त्याचा चेहरा सैल पडलेला बघितला आणि माझेच डोळे भरले, राव. आणि नेमका तेव्हाच कावळा उतरला. सगळा घाट म्हणाला, कावळ्याने केलं. माझं नाव कुणीही घेतलं नाही.

सोमवारी दत्तोबा फाटकावर हजर. साहेबाने विचारलं, तुम्ही तर वारलात ना? दत्तोबा सलाम ठोकून म्हणाला, "मी न्हाई साहेब, हात वारला. मी कामाला मोकळा हाय." तोंड जराही वाकडं झालं नाही. जागा मिळाली, आणि ठकुबाईने खुरपं आढ्याला खोचून ठेवलं.

मूठ अजून अधूनमधून आवळते, म्हणून आरसा काही तो परत देत नाही. फाटकाच्या चौकीतच टांगलाय. माझ्याकडे तेवढा एकच होता. हल्ली दाढी झाली की गिऱ्हाईक विचारतं, "ज्योतीराम, मिशी दोनी बाजूनं सारखी हाय का?"

मी म्हणतो, पिंपरीच्या फाटकावर जाऊन बघून या.